दोन उद्गारचिन्हांच्या मधला मजकूर

रोज एकशे चार पायऱ्या मोजणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो!

आपण सगळे एकाच दुःखाचे वाटेकरी आहोत. आपण तक्रार लिहितो आणि आपल्याला 'संदेशाबद्दल धन्यवाद' मिळतं. ऑक्टोबरपासून आपली लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये तोंड मिटून बसली आहे. तिला कुणी जाब विचारत नाही, आणि विचारला तर तो कुणापर्यंत पोचत नाही. मग माणसं काय करतात? एकमेकांवर संशय घेतात! या इमारतीत तो माझ्यावर घेतला गेला. मला 'फितूर' म्हटलं गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीबुवांनी माझा ब्लाउज एक बाही लावून परत पाठवला. मी रागावले नाही. ज्याच्याकडे पुरावा नसतो त्याने रागवावं.

माझ्याकडे पुरावा आहे. माझी आणि माझ्या भाचीची पत्रं मी या फलकावर क्रमाने लावली आहेत, तिच्या परवानगीने. तिच्या पत्रांत कॉम्प्युटरची थोडी भानगड येते; घाबरू नका, मी अडुसष्टाव्या वर्षी समजून घेतली. सगळं वाचा, मग खाली मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे.

पाचव्या मजल्यावरची

———

४ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणत भलतंच काहीतरी टाइप करत असतेस. मला ऐकू येतं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली बावीस युनियनची सेक्रेटरी म्हणून. कोण ऐकतंय आणि कोण नुसता हुंकार देतंय हे मला श्वासावरून कळतं.

तुझ्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं, तेव्हापासून ते वरच आहेत. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या आहेत की मार्च संपायच्या आत रोज मैलभर सपाट जमिनीवर चाललं पाहिजे, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल. आमच्या गॅलरीत सपाट जमीन आहे अकरा पावलं. बाराव्या पावलाला कुंडी.

मनुष्य वेडा व्हायचा बाकी आहे. एकतीस वर्षं चौकात ट्रॅफिक हवालदार म्हणून उभा राहिलेला माणूस! परवा कपाटातून जुनी शिट्टी काढली आणि गॅलरीत उभे राहून खालच्या गल्लीतली वाहनं अडवायला लागले. दुधाची गाडी खरोखर थांबली. ड्रायव्हर वर बघून म्हणाला, "काय झालं?" हे म्हणाले, "काही नाही, जा. बऱ्याच दिवसांत कुणी थांबलं नव्हतं."

सांग, असं ऐकल्यावर मी स्वस्थ बसेन?

लिफ्टच्या कंपनीला फोन केला. 'तक्रार फक्त संकेतस्थळावर घेतली जाईल.' घेतलीच पाहिजे म्हणून तिथल्या चौकटीत लिहून पाठवली. तीनदा पाठवली. नक्कल देते:

"वा, काय आपली सेवा! चार महिने झाले, लिफ्ट जागची हलत नाही! आपल्या कंपनीचं कौतुक करावं तेवढं थोडं! माणसं जिन्यात धापा टाकतात आणि तुम्ही रंगीत माहितीपत्रकं छापता! आपला माणूस आला, गोड बोलला, पाणीसुद्धा न घेता गेला! आणि एक स्क्रूही पिळला नाही! तुमच्यासारखी कंपनी शोधून सापडणार नाही! सापडली तर मी तिला याच लिफ्टमध्ये कोंडून घालीन! आपली, पाचव्या मजल्यावरची रहिवासी."

यात काही संदिग्ध आहे का? नाही ना? मग ऐक काय उत्तर आलं. काचेच्या फ्रेममधलं प्रशस्तिपत्रक! 'समाधानी ग्राहक' अशी सोनेरी अक्षरं, खाली फुलांची नक्षी. सोबत चिठ्ठी: 'आपल्या प्रेमळ शब्दांनी आमचा हुरूप वाढला.'

ठमे, तू कॉम्प्युटरवाली आहेस. माझं पत्र वाटेत कुणी बदललं, ते सांग.

तुझी आत्या

———

११ फेब्रुवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. काकांचा गुडघा ऐकून वाईट वाटलं. बर्फाचा शेक द्यावा म्हणतात. गरम पाण्याचाही देतात. इकडे हवा चांगली आहे. नवी नोकरीही चांगली आहे. सेवा क्षेत्र आहे. खिडकीजवळ टेबल मिळालं.

तुझ्या पत्राबद्दल मला नक्की काही सांगता येणार नाही. कॉम्प्युटरमध्ये अनेक गोष्टी होतात. पण एक सुचवू का? पुढची तक्रार लिहिताना उद्गारचिन्हं अजिबात घालू नकोस. एकसुद्धा नको. मी कुठेतरी वाचलं की उद्गारचिन्हांनी रक्तदाब वाढतो.

कोणत्या कंपनीची लिफ्ट आहे ते विचारत नाही. विचारायची गरजही नाही.

काकांना नमस्कार.

तुझी ठमी

———

१६ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद, पण मोजके.

उद्गारचिन्ह घालू नको? उद्या म्हणशील श्वास घेऊ नको! मी संपाच्या दिवशी गेटवर उभी राहून बोलले आहे, पोलीस समोर असताना. माझ्या वाक्याला पूर्णविराम लावून कुणी घरी गेलं नाही आजवर. मी चौथ्यांदा तक्रार पाठवली, आणि मुद्दाम प्रत्येक वाक्याला दोन-दोन चिन्हं दिली!!

पण इकडे अनर्थ झाला आहे. शिंपीबुवा मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी चार शब्दांची तक्रार केली होती: 'आमची लिफ्ट बंद आहे.' त्यांना उत्तर आलं: 'आपल्याच इमारतीतून सेवेबद्दल तीन वेळा समाधान व्यक्त झाल्यामुळे आपली तक्रार निकालात काढण्यात येत आहे.' बुवा कागद घेऊन वर आले. एकशे चार पायऱ्या नाही, त्यांना फक्त साठ-पासष्ट चढाव्या लागल्या, पण दारात पोचले तेव्हा बोलता येईना. मी पाणी दिलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कंपनीकडून किती मिळाले?"

मला! मला विचारलं हे!

मी म्हटलं, "बुवा, माझं मीठ खाऊन..." ते म्हणाले, "पाणीच दिलंत." आणि निघून गेले. तेव्हापासून जिन्यात मला बघितलं की माणसं भिंतीकडे तोंड करतात. तुझे काका म्हणतात, "चांगलं आहे की, वाहतूक एकेरी झाली."

काल रागाने ते प्रशस्तिपत्रक भिंतीवरून काढलं. (लावलं होतं हे खरं. खिळा रिकामा होता.) तेवढ्यात काका म्हणाले, "थांब, खालच्या कोपऱ्यात काय लिहिलंय?" मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मला दिसेनात. पण पळत्या गाडीची नंबरप्लेट वाचलेला माणूस तो! भिंग घेऊन बसले. तो पत्ता निघाला, कंपनीच्या कॉम्प्युटरमधल्या कुठल्या कप्प्यात हा कागद तयार झाला त्याचा. मधला शब्द होता 'ठमी'.

जगात लिफ्टच्या कंपन्या पुष्कळ असतील. ठम्या किती आहेत? हे नाव मी ठेवलं आहे. तू पाळण्यात असताना, ठमकत चालायच्याही आधी, नुसत्या तोऱ्यावरून.

उलट टपाली खुलासा पाहिजे. उद्गारचिन्ह मुद्दाम घालत नाही. यावरून काय ते समज.

आत्या

———

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास साष्टांग, अगदी आडवं पडून, नमस्कार.

हो. तीच कंपनी. मी मुख्य कचेरीत तक्रार विभागात आहे. सहा महिने झाले. तुला सांगणार होते, पण तू पहिल्याच पत्रात कंपनीला लिफ्टमध्ये कोंडायचं म्हणालीस, आणि कंपनीत मी पण येते.

सगळं सांगते. तक्रारी आमच्याकडे एकेका फाइलमध्ये येऊन पडतात. त्यांची एक यादी करून दर शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर ठेवायची. मी म्हटलं, यासाठी चांगला प्रोग्रॅम विकत घेऊ. साहेब म्हणाले, "तू आहेस ना." म्हणून मी बॅच फाइल लिहिली. बॅच फाइल म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामाची चिठ्ठी: हे कर, मग ते कर, एका ओळीखाली एक. माझी चिठ्ठी बारा ओळींची होती. मला तिचा अभिमान होता.

त्या चिठ्ठीत मी प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायला सांगितलं. कॉम्प्युटर एकामागून एक तक्रारी उचलतो तेव्हा तो क्रमांक बदलत राहतो. आणि असा बदलता आकडा हवा असेल तर त्याचं नाव दोन उद्गारचिन्हांच्या मध्ये लिहावं लागतं. ती एक सोय असते, ती मी चालू केली. क्रमांक सुंदर आले. १, २, ३.

पण आत्या, ती सोय चालू असली की कॉम्प्युटरला दोन उद्गारचिन्हांच्या मध्ये जे काही दिसेल ते एखाद्या डब्याचं नाव वाटतं. तुझ्या पत्रात त्याला पहिलं चिन्ह दिसलं, मग दुसरं. मध्ये होतं 'चार महिने झाले, लिफ्ट जागची हलत नाही'. तो गेला त्या नावाचा डबा शोधायला. तसा डबा नाही. डबा नाही म्हणजे आत काही नाही, आत काही नाही म्हणजे छापायचं काही नाही. दोन्ही चिन्हं आणि मधला मजकूर गिळून तो पुढे गेला. कसली सूचना नाही, कसली कुरकुर नाही. मग पुढची जोडी. लागोपाठची चिन्हं तो एकच धरतो, म्हणून दोन-दोन चिन्हांच्या तुझ्या चौथ्या तक्रारीचंही तेच झालं.

आणि तुझी पद्धत अशी की आधी खोटं कौतुक, मग टोला, मग कौतुक, मग टोला. प्रत्येक टोला बरोब्बर जोडीच्या मध्ये. साहेबांच्या टेबलावर गेलं ते हे:

"वा, काय आपली सेवा आपल्या कंपनीचं कौतुक करावं तेवढं थोडं आपला माणूस आला, गोड बोलला, पाणीसुद्धा न घेता गेला तुमच्यासारखी कंपनी शोधून सापडणार नाही आपली, पाचव्या मजल्यावरची रहिवासी."

साहेबांनी हे मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. कुणीतरी डोळे पुसले.

मी तुला आधी सांगितलं नाही कारण मला आधी चूक दुरुस्त करायची होती. आता केली आहे. ती सोय बंद केली. प्रत्येक ओळ मी चिठ्ठीच्या दुसऱ्या भागात पाठवते, जशी आपण आतल्या खोलीत पाठवतो, आणि ती तिथे छापली जाते. उद्गारचिन्हं शाबूत राहतात, मी दहा वेळा तपासलं. तू हवी तेवढी घाल.

पुन्हा एकदा पाठव. या शुक्रवारी साहेब खरं वाचतील.

तुझी ठमी

ता. क. शिंपीकाकांना सांगू नकोस.

———

२७ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझं पत्र काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते हसून हसून खुर्चीतून घसरले, आणि घसरताना गुडघा वाकला, तेवढाच व्यायाम. मला हसू आलं नाही.

डबा नाही म्हणून माझा संताप गायब? अगं, जगातल्या किती संतापांसाठी आधीपासून डबा असतो? ज्या दुःखाला कचेरीत कप्पा नाही ते दुःखच नाही, हेच तर मी आयुष्यभर ऐकत आले. माझी समजूत होती की हे साहेब लोक शिकवतात. तू तर यंत्रालाही शिकवलंस!

असो. तू माझ्या भावाची मुलगी आहेस आणि कबूल करायला तुला फक्त एकच पत्र खोटं बोलावं लागलं. तुझ्या बापाला चार लागायची.

तू म्हणतेस तसं पुन्हा पाठवलं आहे. तुमच्या कंपनीने आता त्या चौकटीत अक्षरांची मर्यादा घातली आहे (हे माझ्यामुळे असेल तर मला आनंद आहे), म्हणून 'आणि'च्या जागी ते गुंडाळलेलं चिन्ह वापरलं, आणि 'कडे'च्या जागी बाण. तीन ओळी:

"आपण कोण & मी कोण हे आता ठरेलच!
माझे यजमान > तळमजला हे माझं एकमेव ध्येय आहे!
लिफ्ट १०० % बंद, तुमची ऐकण्याची तयारी ० %"

थोडक्यात आणि ठणठणीत. काका म्हणाले, "दुसरी ओळ वाचून मला सामानासारखं वाटलं." मी म्हटलं, "पोचलात तर सामान म्हणून पोचा."

मार्च लागतो आहे, ठमे. काल त्यांनी उठताना माझा हात धरला. याआधी धरत नव्हते.

आत्या

———

५ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

हे पत्र बसून वाच.

उद्गारचिन्हं वाचली. बाकीच्यांनी दगा दिला. मी ओळ आतल्या खोलीत पाठवताना अवतरणचिन्हांचं पांघरूण घालून पाठवली होती, आणि आत गेल्यावर ते पांघरूण काढलं. पांघरुणात ही चिन्हं गुपचूप असतात. उघडी पडली की प्रत्येकाला आपलं काम आठवतं.

पहिली ओळ. ते गुंडाळलेलं चिन्ह दिसलं की कॉम्प्युटर समजतो, इथे एक हुकूम संपला, आता दुसरा. त्याने छापलं, 'आपण कोण'. मग पुढच्या शब्दाचा हुकूम पाळायला गेला. माझ्या पडद्यावर लाल डोळे करून सांगितलं की 'मी' नावाचा कोणताही हुकूम ओळखीचा नाही.

दुसरी ओळ. बाण म्हणजे त्याच्या भाषेत, जे लिहायचं ते यादीत नको, बाणापुढच्या नावाच्या फाइलमध्ये लिही. आमच्या कचेरीत आता 'तळमजला' नावाची एक फाइल आहे. तिच्यात एकच वाक्य आहे: 'माझे यजमान हे माझं एकमेव ध्येय आहे!' मी ती पुसलेली नाही. हात होईना.

तिसरी ओळ सगळ्यांत वाईट. दोन टक्क्यांच्या चिन्हांच्या मधलंही तो डब्याचं नाव समजतो. उद्गारचिन्हांची थोरली बहीण म्हण. उरलं ते फक्त 'लिफ्ट १००'.

म्हणजे शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर तुझ्याकडून गेलं: 'आपण कोण' आणि 'लिफ्ट १००'. साहेब म्हणाले, "पहिलीला माहितीपत्रक पाठवा, तिला आपली ओळख हवी आहे. आणि हे बघा, शंभरपैकी शंभर!"

मग मात्र मी घरी गेले नाही, जेवले नाही, नीट विचार केला. माझी चूक कळली, आत्या. मी मजकूर वाचत असतानाच कॉम्प्युटरला अर्थ लावू देत होते. आता असं केलं: वाचताना ती सोय बंद. जे आलं आहे ते जसंच्या तसं, पांघरुणासकट, एका डब्यात ठेवायचं. ठेवून झाल्यावर सोय चालू, आणि डबा उघडून छापायचं. डब्यातून बाहेर काढताना आत काय चिन्हं आहेत याची तो चौकशी करत नाही. बाण बाण राहतो, टक्का टक्का राहतो.

सगळ्या जुन्या तक्रारींवर चालवलं. आधी यादी तीन पानांची व्हायची. आता एक्केचाळीस पानं झाली. आत्या, तू एकटी नाहीस. दोनशे बारा माणसं आहेत. सगळी चिडलेली, आणि चिडलेला माणूस उद्गारचिन्ह घालतोच. एका डॉक्टरांनी सोळा लिहिली आहेत. एका बाईंनी फक्त '!!!!' पाठवलं होतं, ते पूर्ण गायब झालं होतं, क्रमांकासमोर नुसती मोकळी जागा. साहेब त्या मोकळ्या जागेला 'मौन संमती' म्हणायचे.

ती एक्केचाळीस पानं मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वरचं पान बघितलं आणि म्हणाले, "प्रिंटर बिघडलेला दिसतोय. जुनीच यादी चालू ठेव, सुटसुटीत आहे."

आणि आता मुख्य गोष्ट. तुझी निवड 'वर्षातील सर्वांत समाधानी ग्राहक' म्हणून झाली आहे. साहेब स्वतः रविवारी, १६ तारखेला सकाळी दहा वाजता, मानचिन्ह आणि फोटोग्राफर घेऊन तुमच्या इमारतीत येणार आहेत. त्यांचा निरोप आहे की तू तळमजल्यावर उभी राहा, पार्श्वभूमीला लिफ्टचं दार येईल असा फोटो घ्यायचा आहे.

मी काय करू? खरं सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर काका वरच राहतील.

तुझी ठमी

———

९ मार्च

चि. ठमीस अनेक, अनेक आशीर्वाद.

काका म्हणतात, "माझं नाव तरी खाली पोचलं, त्या फाइलमध्ये." मी त्या वाक्याबद्दल काही बोलणार नाही. टक्के, बाण, चिन्हं यांनी मिळून एक खासगी गोष्ट सरकारी केली, एवढंच. 

तू विचारतेस काय करू. मी तुला सांगणार नाही. पण तू स्वतःच लिहिलेली एक गोष्ट माझ्या शब्दांत तुला परत पाठवते: आधी जसंच्या तसं पूर्ण घ्यायचं, मग तोंड उघडायचं. मी सतरा ठरावांवर भाषणं केली, जाडजाड पुस्तकं वाचली, आणि न्यायाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडली नाही. बारा ओळींच्या चिठ्ठीत बसते ती! यंत्राला ते एका आठवड्यात जमलं. तुमच्या साहेबांना एक रविवार देऊन बघू.

त्यांना कळव की सन्मान मला मान्य आहे. मी तो माझ्या घरी स्वीकारीन. माझ्या यजमानांच्या उपस्थितीत स्वीकारीन, आणि यजमान खाली येऊ शकत नाहीत. घर पाचव्या मजल्यावर आहे हे त्यांना माहीत असेलच; प्रशस्तिपत्रकावर छापलं आहे.

आज शिंपीबुवांकडे मी स्वतः गेले. तुझी पत्रं त्यांच्या मशीनवर ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. मग माझा ब्लाउज मागून घेतला आणि दुसरी बाही लावायला बसले. शिवता शिवता म्हणाले, "म्हणजे माझ्या चार शब्दांत चिन्ह नव्हतं म्हणून मी पोचलो, आणि तुम्ही पोचला नाहीत म्हणून मी बाद?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग बाई, मला 'फितूर' शब्द परत घेताना एक उद्गारचिन्ह लावू द्या."

एक विचारते. ती एक्केचाळीस पानं फाडलीस की आहेत?

आत्या

———

१२ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

आहेत. दोन प्रती आहेत.

मी साहेबांबरोबर येते आहे. मानचिन्ह फोटोग्राफर धरेल, पानं मी धरेन. हिशोब केला आहे: एका मजल्यावर आठ पानं. साहेब दम घ्यायला थांबतील तेव्हा मी वाचत जाईन. धाप लागलेला माणूस मध्ये बोलू शकत नाही, असं तूच एकदा म्हणाली होतीस. वरचं, शेवटचं पान तुझं आहे. ते तू वाच.

नोकरीचं काय व्हायचं ते होवो. ही पत्रं फलकावर लाव. माझं नाव झाकू नकोस.

काल त्यांनी विचारलं, "तिथे लिफ्ट आहे ना?"

मी म्हटलं, "साहेब, आपल्या यादीप्रमाणे शंभरपैकी शंभर आहे."

काकांना सांग, येते.

तुझी ठमी

———

बंधू-भगिनींनो, वाचलंत?

आता कुणी म्हणेल, एका साहेबाला पाचव्या मजल्यापर्यंत चढवून काय होणार? मी सांगते काय होणार. पहिल्या मजल्यावर त्याला वाटेल की व्यायाम झाला. दुसऱ्यावर तो घड्याळ बघेल. तिसऱ्याच्या अलीकडे त्याला जाळीतून आपली लिफ्ट दिसेल, लटकलेली, आणि तेव्हा त्याच्या कानावर विसावं पान पडत असेल. चौथ्यावर तो माझ्या भाचीला विचारेल, "अजून किती?" आणि ती सांगेल, "साहेब, नऊ पानं." पाचव्यावर तो पोचेल तेव्हा त्याच्या छातीत तेच धडधडत असेल जे आपण ऑक्टोबरपासून लिहितो आहोत. मग तिथे खुर्चीत माझे यजमान बसलेले असतील. ते त्याला बसायला खुर्ची देण्यासाठी उठतील, आणि उठायला त्यांना किती वेळ लागतो ते तो साहेब उभा राहून बघेल. त्या वेळात मी लिफ्ट दुरुस्तीचा हुकूम आणि पेन त्याच्यापुढे धरीन.

पण हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. आपण भिडस्त माणसं आहोत. गाडी दारात थांबली, पाहुणा खाली उभा राहून वर हाका मारायला लागला, की आपल्यातला कुणीतरी 'अहो, येतो येतो' म्हणत धावत खाली जाईल, मानचिन्ह हातात घेईल, हसून फोटो काढून घेईल, आणि लिफ्टला पुन्हा शंभर गुण मिळतील. असं घडता कामा नये! त्याला हॉर्न वाजवू दे, नाव घेऊन बोलावू दे, विनंती करू दे. दारं उघडी ठेवा, हात जोडा, 'वर या' म्हणा. पण रविवारी, १६ मार्चला, सकाळी दहा वाजल्यापासून तो पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत, तुमच्यापैकी कुणीही, कोणत्याही कारणाने, एक पायरीसुद्धा खाली उतरू नका!